आठाच्या पोटात सात की नुसताच ओरखडा?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"आमचे आजेसासरे आगबोटीवर खलाशी होते. गेल्या महिन्यात माळा साफ करताना त्यांच्या पत्र्याच्या डब्यात इंग्लंडची जुनी नाणी सापडली. पुतण्याने मोबाइलवर कसलेसे व्हिडिओ बघून सांगितलं की यातली पाच 'एरर कॉईन' आहेत आणि लाखांत जातील. १८५८ च्या पेनीवर शेवटच्या आठाच्या आत दुसरा आकडा दिसतो. १८६२ च्या पेनीवर कडेपासून त्या त्रिशूळवाल्या बाईच्या, ब्रिटानियाच्या, शिरस्त्राणापर्यंत रेघ आहे. १८६६ च्या शिलिंगवर सालाच्या वर बारीक २३ आहे. १८८२ च्या पेनीवर 'एच' हे अक्षर नाही. १९१६ च्या पेनीवर ब्रिटानियाच्या मागे कुणाच्या तरी डोक्याची सावली दिसते. फोटो पाठवते आहे. नाणी काळी पडली आहेत, चिंचेने घासू का? एका माणसाने फोनवर दोन हजार रुपये नोंदणी फी मागितली आहे. भरू का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

शेवटापासून सुरुवात करतो, कारण तिथे घाई आहे. फी भरू नका. चिंच लावू नका. बाकीचं निवांत बोलू.

पुतण्याला रागावू नका, त्याची नजर चांगली आहे. पाचही ठिकाणी त्याला जे दिसलं ते खरंच तिथे आहे. फक्त या पाच गोष्टी पाच वेगवेगळ्या कारणांनी झाल्या आहेत आणि त्यातली एकच, म्हणजे १८५८ ची पेनी, संग्राहकाला खुर्ची पुढे ओढायला लावेल अशी आहे. तीसुद्धा अर्धीच. का ते सांगतो.

नाणं पाडतात ते पोलादी डायने. डायमध्ये जे खोल कोरलेलं असतं ते नाण्यावर उठून येतं. पेढ्याच्या लाकडी छापाला चीर गेली तर प्रत्येक पेढ्यावर ती चीर उंच रेघ होऊन उमटते, तसंच. म्हणून कुठलीही संशयास्पद खूण दिसली की पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही खूण सपाटीच्या वर आहे की आत गेलेली? वर असेल तर ती डायमधून आली, म्हणजे टांकसाळीत झाली. आत गेलेली असेल तर जवळजवळ नेहमीच ती नंतरची आहे. गल्ल्यात, खिशात, कुणाच्या तरी चाकूच्या टोकाने झालेली. व्हिडिओवाले हा एक प्रश्न विचारत नाहीत, म्हणून त्यांना प्रत्येक डब्यात खजिना दिसतो.

आता १८५८ कडे वळू. त्या काळी लंडनच्या रॉयल मिंटमध्ये राणीचं डोकं आणि बरीचशी अक्षरं मूळ पंचावरूनच, म्हणजे उठावदार कोरलेल्या पोलादी ठशावरूनच, डायमध्ये उतरत, पण सालातला शेवटचा आकडा, कधी शेवटचे दोन, मोकळे ठेवत. ते आकडे कारागीर प्रत्येक डायवर हाताने ठोकायचा. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन पेन्यांवर साल किंचित डावं-उजवं, वर-खाली असतं. पुतण्याला दोन नाणी शेजारी ठेवून बघायला सांगा, मजा येईल. वर्ष संपलं तरी काही डाय शिल्लक राहत. चांगलं पोलाद आणि त्यावर झालेली मेहनत टाकून कोण देणार? मग जुना आकडा जमेल तेवढा घासून-ठोकून बुजवायचा आणि त्याच्यावर नवा ठोकायचा. बुजवणं कधीच पुरतं होत नसे. सातच्या वर आठ बसला तरी सातचा एखादा कोपरा आठाच्या रेषेबाहेर राहून जाई आणि तो नाण्यावर उठून येई. संग्राहक याला ओव्हरडेट म्हणतात. व्हिक्टोरियाच्या तांब्याच्या पेन्यांमध्ये हे बरंच आढळतं: १८४८ वर ७ च्या आणि ६ च्या खुणा, १८५४ वर ३ ची, आणि तुमच्या १८५८ वर ७, ६ आणि ३ अशा तिन्हींच्या नोंदी आहेत. १८६० साली तांब्याच्या ज्या थोड्या पेन्या पडल्या त्यांवर ६० च्या खाली ५९ असतो, आणि त्या खऱ्या दुर्मीळ.

आठच्या पोटात कोणता आकडा आहे हे ओळखताना नुसतं 'काहीतरी दिसतंय' म्हणून भागत नाही. त्या आकड्याचं अंग कुठून बाहेर यायला हवं याचा आधी विचार करायचा. सातला वर आडवी दांडी आणि खाली तिरका पाय. आठाच्या डोक्याचा गोल दांडीचा मधला भाग झाकून टाकतो, पण दांडीची टोकं आठाच्या खांद्यावर शिंगासारखी राहू शकतात आणि पाय आठाच्या पोकळ्यांमधून तिरका जाऊ शकतो. सहा असेल तर त्याचं खालचं पोट आठाच्या खालच्या गोलात लपून जातं, वरच्या शेपटीचा तुकडा तेवढा उरतो. तीन सगळ्यांत फसवा, कारण त्याची उजवी बाजू आणि आठाची उजवी बाजू एकमेकांवर बसतात. तीनची डावीकडची मोकळी टोकं आठाच्या पोकळ्यांत बारीक गाठींसारखी दिसली तरच काही म्हणता येतं. खूण अशा ठिकाणी असेल की तिथे कुठल्याच आकड्याचं अंग येत नाही, तर विषय तिथेच संपला.

तुमच्या फोटोत मला दोन गोष्टी दिसतात. एक, आठाच्या डोक्याच्या डाव्या बाजूला बारीक शिंग. दुसरी, खालच्या गोलातून जाणारी तिरकी काळी रेघ. पुतण्याने दोन्ही जोडून 'सात' वाचला आहे. मी जोडणार नाही. शिंगाची उजळ बाजू उजेडाकडे आहे आणि सावली पलीकडे पडली आहे. शेजारच्या पाचाची सावलीही त्याच बाजूला आहे, म्हणजे शिंग उंच आहे. रेघेचं मात्र उलट: उजेडाकडची तिची कड काळी आणि पलीकडची चमकते. ती खाच आहे. शिवाय नीट बघा, ती आठाच्या बाहेर पडून खाली कडेकडे थोडी वाकून गेली आहे. सातचा पाय एवढा लांब नसतो आणि वाकत तर नाहीच. तेव्हा शिंग टांकसाळीतलं, रेघ कुणाच्या तरी हातची.

नुसत्या शिंगावर १८५८ खाली १८५७ असं म्हणता येईल का? बहुधा हो, पण मला अजून एक फोटो लागेल. मोबाइलचा फ्लॅश बंद करा. संध्याकाळी खोलीत अंधार करून एकच दिवा नाण्याच्या डावीकडे, जवळजवळ टेबलाच्या उंचीवर ठेवा. आकडे सरळ उभे राहतील असं नाणं ठेवून एक फोटो काढा. मग दिवा तसाच ठेवून नाणं पाव वळण फिरवा आणि दुसरा काढा. दोन्ही फोटोंत शिंग उंचच दिसलं तर ते उंच. उजेड एकाच बाजूने असला की डोळा फसतो, उंच ते खोल वाटतं आणि खोल ते उंच. स्कॅनर तर वापरूच नका, त्याचा सपाट उजेड सगळंच गिळतो. सराफाकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं, ते मिळालं तर फारच उत्तम. त्याहून जास्त शक्तीचं भिंग घेतलं की प्रत्येक मातीच्या कणात सात दिसायला लागतो, हेही सांगून ठेवतो.

शक्य झालं तर १८५७ च्या पेनीच्या सालाचा स्वच्छ फोटो मिळवा आणि पातळ कागदावर त्यातला सात उतरवून घ्या. मग तेवढ्याच आकाराच्या तुमच्या फोटोवर तो कागद सरकवत न्या. शिंग जिथे आहे तिथे सातच्या दांडीचं टोक येतं का, आणि त्याच वेळी सात सालाच्या ओळीत बसतो का? दोन्ही जमलं तर माझा संशय फिटला. टोक जुळवायला सातला उताणा पाडावा लागत असेल तर शिंगाला दुसरं काही कारण आहे: आकडा ठोकताना पंच घसरून दोनदा बसला असेल, किंवा आठाच्या कडेला डायचं पोलाद ढळलं असेल.

आणि समजा सातच निघाला. तरी पेढे वाटू नका. १८५८ च्या ओव्हरडेटमध्ये सातवाला सगळ्यांत जास्त सापडणारा आहे. नाणं स्वच्छ, फारसं न झिजलेलं असेल तर साध्या १८५८ पेक्षा थोडं जास्त मिळेल. तुमचं नाणं राणीच्या केसांपाशी बरंच झिजलं आहे. जाता जाता राणीच्या मानेच्या कापावर 'डब्ल्यू डब्ल्यू' ही बारीक अक्षरं आहेत का बघा. विल्यम वायन या कोरक्याची ती खूण, आणि १८५८ च्या काही पेन्यांवर ती नसते. पण मान झिजून अक्षरं गेली असतील तर तो 'नसलेला' प्रकार धरायचा नाही.

या पेनीबद्दल एक गोष्ट मला भावापेक्षा जास्त गमतीची वाटते. ही तांब्याची, जाड, ३४ मिलिमीटर रुंद आणि १८.८ ग्रॅमच्या आसपास वजनाची. १८६० पासून पेनी काशाची झाली, ९.४ ग्रॅमची, म्हणजे वजन अर्ध्यावर आलं. जुनी तांब्याची नाणी ब्रिटनमध्ये १८६९ अखेर चलनातून बाद झाली. काशाच्या पेन्या मात्र व्हिक्टोरियाच्या असोत की तिच्या नातवाच्या, थेट १९७१ पर्यंत तिथल्या बाजारात फिरत होत्या. तुमचे आजेसासरे १९३० च्या आगेमागे लंडन-लिव्हरपूलला उतरत असतील तर १८६२ आणि १८८२ ची पेनी त्यांना चहाच्या सुट्ट्यात मिळालेली असू शकते. १८५८ ची नाही. ती त्यांना कुणीतरी दिली असणार, किंवा त्यांनी आवडली म्हणून घेतली असणार. घरात कुणाला काही आठवत असेल तर लिहून ठेवा.

१८६२ ची रेघ उंच आहे, तेव्हा ती डायला गेलेला तडा. डाय कडक करण्यासाठी तापवून थंड केलेली असते, आणि वर हजारो ठोके. कुठेतरी ताण येतो आणि तडा बहुधा कडेपासून सुरू होतो. धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर केसासारखी रेघ उठते. डाय चालत राहिली की तडा वाढतो, शेवटी तुकडा उडाला तर तिथे नाण्यावर बिनआकाराचा गोळा येतो. काशाच्या पेन्यांच्या पहिल्या वर्षांत डाय पटापट जात होत्या. काम इतकं तुंबलं की रॉयल मिंटने बर्मिंगहॅमच्या दोन कारखान्यांकडे, जेम्स वॅट आणि राल्फ हीटन यांच्याकडे, काही नाणी पाडायला दिली. तड्याची रेघ आणि ओरखडा यांत फरक करायची एक हमखास युक्ती आहे. रेघ अक्षराला जिथे भेटते तिथे बघा. ओरखडा आधी उंच भागावर बसतो, म्हणजे अक्षराच्या माथ्यावर खाच पडते आणि अक्षराच्या पायथ्याच्या कोपऱ्यात काहीच नसतं. तड्याची रेघ सपाटीवरून अक्षराच्या अगदी पायथ्यापर्यंत येते आणि माथा कापत नाही. तुमच्या फोटोत ती शिरस्त्राणाच्या पायथ्याशी अलगद टेकली आहे. छान नमुना आहे, ठेवून द्या. अशा तड्यांना बाजारात फारसा भाव नाही, कारण ते असंख्य आहेत.

मग डायच्या दोषाला भाव कधी येतो? एकच ठळक दोष एका डायच्या सगळ्या नाण्यांवर दिसतो, लोक तो ओळखू लागतात आणि त्याला नाव पडतं तेव्हा. १९४६ च्या काही पेन्यांवर 'वन' या शब्दानंतर स्वल्पविरामासारखा उंच ठिपका आहे, तो असाच प्रसिद्ध झाला. १८९७ च्या मोजक्या पेन्यांवर त्याच शब्दातल्या पहिल्या दोन अक्षरांच्या मध्ये ठिपका आहे, आणि तो खूपच दुर्मीळ. पण नाण्यावर कुठेतरी ठिपका आहे एवढ्यावरून उडी मारू नये. तांब्याच्या कळंकाचा फोडही ठिपक्यासारखाच दिसतो, आणि कोकणच्या दमट हवेत तर विचारायलाच नको.

शिलिंगवरच्या २३ मध्ये दोष नाहीच. १८६४ ते १८७९ या काळात शिलिंगच्या डायला क्रमांक देत, तो सालाच्या वर बारीक दिसतो. सिक्सपेन्सवर आणि सोन्याच्या सॉव्हरिनवरही त्या सुमारास असे क्रमांक आहेत. तेव्हा ते शिलिंग चांदीचं साधं, पण अस्सल.

१८८२ बद्दल मात्र सावध राहा, कारण इथे लबाडी चालते. त्या वर्षीच्या पेन्या प्रामुख्याने हीटनच्या कारखान्यात पडल्या आणि त्यांच्यावर सालाच्या खाली लहानसं 'एच' असतं. ते नसलेली १८८२ ची पेनी फार दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच 'एच' घासून काढण्याचा धंदा जुना आहे. काही वेळा लबाडीही नसते. डायमध्ये तेल-धूळ साचून अक्षर बुजतं, किंवा नाणं एवढं झिजतं की अक्षर जातं. तुमच्या नाण्यावर सालच अर्धं पुसलं आहे. जिथे साल वाचायला त्रास होतो तिथे त्याच्या खालचं इवलंसं अक्षर 'नव्हतंच' असं कुणी शपथेवर सांगू शकत नाही. सालाखालची जागा तिरप्या उजेडात बघितलीत तर दोन उभ्या दांड्यांचा पुसट माग लागण्याचीच शक्यता मला जास्त वाटते.

१९१६ ची सावली पुतण्याला भुताची वाटली असेल तर तो एकटा नाही. इंग्लंडातले संग्राहकसुद्धा तिला भूतच म्हणतात. ती पलीकडच्या बाजूच्या पाचव्या जॉर्जची. बर्ट्राम मॅकेनल या शिल्पकाराने केलेलं राजाचं डोकं एवढं उंच होतं की ठोका बसताना धातू तिकडे ओढला जाई आणि ब्रिटानियाच्या बाजूला डोक्याच्या आकाराची फिकी छाया राही. टांकसाळ वर्षानुवर्षं याच्याशी झगडत होती. १९२६ मध्ये डोकं थोडं बदललं, १९२८ मध्ये ते आणखी लहान केलं, तेव्हा भूत गेलं. १९११ ते १९२६ च्या पेन्यांवर ही सावली इतकी सर्रास आहे की तिच्यासाठी कुणी जादा पैसे देत नाही. पण डब्यातलं माझं सगळ्यांत आवडतं नाणं विचाराल तर हेच.

आता स्वच्छतेचं. चिंच, लिंबू, पितांबरी, राख, टूथपेस्ट, यांतलं काहीही नको. पूजेचा तांब्या लखलखीत हवा, नाणं नको. आम्ल तांब्याचा वरचा थर खातं, आणि सातचं शिंग म्हणजे त्या थरातला केसभर उंचवटा. एकदा घासलं की पुरावाही गेला आणि भावही. माती असेल तर नाणी डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा, मऊ सुती कापडावर टिपून घ्या, पुसू नका. हिरवा कळंक नखाने खरवडू नका. हाताळताना कडेला धरा. ठेवायला कागदी पाकिटं चांगली. बाजारातले मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे अल्बम टाळा, त्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर सोडतो.

विकण्याबद्दल दोन गोष्टी. फोनवरचा माणूस कितीही गोड बोलला, रिझर्व्ह बँकेचं नाव घेतलं, चिन्ह असलेलं पत्र पाठवलं, तरी पैसे देऊ नका. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून बँकेच्या नावावर शुल्क उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. खरा घेणारा नाणं बघतो, भाव सांगतो, पैसे देतो. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाही. दुसरी गोष्ट, पुतण्या म्हणेल की परदेशातल्या लिलावात पाठवू. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते, मग ते कुठल्याही देशाचं असो. परवानगीशिवाय ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमची पाचही नाणी त्यात बसतात. विकायचीच तर मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे दोन-तीन विक्रेत्यांना दाखवा. आधी साल सांगा, ओव्हरडेटचं नाव काढू नका, ते स्वतः काय बघतात ते बघा. जो भिंग न काढताच 'हे साधं आहे' म्हणेल त्याचं ऐकू नका, आणि जो भिंग न काढताच 'हे दुर्मीळ आहे' म्हणेल त्याचं तर अजिबात नाही.

मला १८५८ चे ते दोन फोटो पाठवा, आणि सराफाच्या काट्यावर त्या पेनीचं वजन करून कळवा. झिजून १८ ग्रॅम भरलं तरी चालेल. फारच कमी भरलं तर सात-आठाचा विचार आपण बाजूला ठेवू आणि आधी नाणं खरं आहे का ते बघू.